बोट ठेवायला जागा

काकांनी आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये २९ स्लाइड होत्या आणि पहिल्याच स्लाइडवर समुद्र होता. मावळता सूर्य, वाकलेला माड, ओल्या वाळूवर केशरी उजेड, आणि त्यावर कारखान्याचे नाव. मी ते चित्र बराच वेळ बघत बसले. काकांचा काजूचा कारखाना गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे आत. सत्तरीला समुद्र नाही. तिथे म्हादई नदी आहे, सह्याद्रीचा उतार आहे, आणि एप्रिलमध्ये पिकल्या बोंडूंच्या, म्हणजे काजूफळांच्या, वासाने जड झालेली हवा आहे.

"हा फोटो कुठला, काका?"

"पुतण्याने नेटवरून काढला. गोवा म्हटल्यावर समुद्र दिसायला नको, बाय?"

काका माझ्या बाबांचे जुने स्नेही, साठी ओलांडलेले. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत काजूबी येते आणि तेवढ्या तीन महिन्यांत वर्षभराची बी विकत घेऊन ठेवावी लागते. त्यासाठी त्यांना बँकेकडून खेळते भांडवल हवे होते. पणजीला जाऊन अधिकाऱ्यांसमोर वीस मिनिटांत धंदा समजावून सांगायचा होता. एकदा ते सांगूनही झाले होते. पुतण्याने सगळ्या स्लाइड वाचून दाखवल्या, काका बाजूच्या खुर्चीत गप्प बसून राहिले, आणि "कळवतो" या शब्दावर सगळे उठले. नंतर कोणी कळवले नाही.

मी फोंड्याला राहते. लहान उद्योगांना बँकेपुढे, खरेदीदारापुढे, सरकारी समितीपुढे मांडायची प्रेझेंटेशन करून देणे हे माझे गेल्या पंधरा वर्षांचे काम. कोकम, मसाले, करवंटीच्या वस्तू, होड्यांची दुरुस्ती, असे किती तरी धंदे या निमित्ताने आतून पाहायला मिळाले. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या स्लाइडवर तोच समुद्र भेटत आला. मला याचे मनापासून वाईट वाटते. या माणसांच्या अंगणात जे पडलेले असते ते समोरच्याने कधी पाहिलेले नसते, आणि तेच झाकून ही माणसे त्याला हजारदा पाहिलेले चित्र दाखवतात.

मी काकांना विचारले, "या फोटोवर बोट ठेवून तुम्हाला काय सांगता येईल?"

त्यांनी खरोखरच लॅपटॉपजवळ बोट नेले. सूर्यापाशी थांबवले, मग माडापाशी. मग हळूच मागे घेतले.

हा प्रश्न मी प्रत्येक स्लाइडला विचारते. तो माझ्यात रुजला मडगावला कॉलेजात असताना. आम्हाला खर्चलेखा शिकवणारे सर ओव्हरहेड प्रोजेक्टर वापरत. काचेवर पारदर्शक कागद ठेवायचे आणि पेन्सिलीचे टोक नेमक्या आकड्यावर टेकवायचे. भिंतीवर पेन्सिलीची लांबच लांब सावली पडायची आणि तिचे टोक त्या आकड्याला जाऊन भिडायचे. सर तिथे थोडा वेळ काही न बोलता थांबत. अख्ख्या वर्गाचे डोळे त्या टोकाशी गोळा होत. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिन्टॉशवर आले तेव्हा त्याचे मुख्य काम असले पारदर्शक कागद सुबक तयार करून देणे हेच होते. पुढे कागद गेला, काच गेली, पेन्सिलही गेली. चित्रे मोठी आणि रंगीत झाली, आणि बोलणारा माणूस मात्र हातात रिमोट घेऊन पडद्यापासून दूर जाऊन उभा राहिला.

चित्र दाखवत सांगण्याची याहून जुनी रीत आमच्या शेजारीच आहे. गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडून बांदा, सावंतवाडी करत कुडाळकडे निघाले की पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले, या कलेसाठी आयुष्य दिले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची हाताने रंगवलेली चित्रे, एका कथेच्या चित्रांचा एक गठ्ठा, त्याला म्हणायचे पोथी. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर कथा गायची आणि एकेक चित्र पुढे धरायचे. प्रसंग संपला की ते बाजूला ठेवायचे आणि पुढचे उचलायचे.

मी तिथे पहिल्यांदा बसले तेव्हा सवयीने वेळ मोजत होते. एक चित्र किती वेळ समोर राहते? आम्ही ऑफिसात ज्याला 'फार झाले' म्हणू त्याच्या कितीतरी पट. पण कंटाळा येत नाही. कानावर एक नाव पडते, डोळा चित्रात त्या नावाचे माणूस शोधू लागतो, मोठ्या डोळ्यांचे, बाजूने काढलेले; सापडले की तिथे ठरतो, तोवर गाण्यात दुसरे कोणी आलेले असते आणि डोळा पुन्हा निघतो. चित्र समोर असूनही गाणाऱ्याची गरज संपत नाही. मला वाटते, या एका गोष्टीवर आपले सगळे प्रेझेंटेशनचे प्रकरण अडलेले आहे. आपण स्लाइडवर पूर्ण वाक्य लिहितो आणि तेच वाक्य वाचतो. ऐकणाऱ्याचा डोळा आपल्या तोंडाच्या पुढे धावतो, ओळ संपवून शेवटाला जाऊन बसतो, आणि आपण अजून मधेच असतो. चार स्लाइड असे झाले की तो ऐकायचे सोडून देतो. यात त्याचा काय दोष?

तर आम्ही काकांच्या २९ स्लाइड छापल्या आणि त्यांच्या ओसरीवर पसरल्या. काकी चहा घेऊन आल्या आणि कागदांवर पाय पडू नये म्हणून उंबऱ्यातच थांबल्या. मी म्हटले, ज्या कागदावर बोट ठेवून सांगण्यासारखे काही आहे तेवढेच ठेवायचे. समुद्र उचलला. हस्तांदोलन करणारे दोन सुटातले हात उचलले. डोंगरावर झेंडा रोवणारा माणूस, लक्ष्यात रुतलेला बाण, दातेरी चाके, सगळे उचलले. ज्या स्लाइडवर नुसती वाक्ये होती त्या मी काकांच्या हातात दिल्या: "हे तुम्ही तोंडाने सांगायचे."

"मी?" काका म्हणाले. "मला इंग्रजी येत नाही, बाय."

"बी ओली की सुकी हे तुम्ही मुठीत घेऊन सांगता. ते कुठल्याही भाषेत सांगा."

मागे उरले तीन आलेख. त्यातल्या एकात गेल्या तीन वर्षांच्या विक्रीचे खांब होते आणि शेवटचा खांब पहिल्याच्या तिप्पट उंच दिसत होता. काका स्वतःच चमकले. एवढी वाढ झालेली नव्हती. मी खालचा आकडा दाखवला: उभी पट्टी शून्यापासून सुरूच होत नव्हती, बरीच वरून सुरू होत होती. आकडे जवळजवळचे असले की सॉफ्टवेअर कधीकधी स्वतःहून असे करते आणि पुतण्याच्या ते लक्षातही आले नव्हते. खांबाची उंची हेच खांबाचे म्हणणे असते. त्याचे पाय कापले की तो खोटे बोलतो. रेषेच्या आलेखाचे तसे नाही, तिथे चढउतार बघायचा असतो, पट्टी शून्यापासून नसली तरी चालते. मी हे सांगत होते पण काकांचे लक्ष तिथे नव्हते.

"म्हणजे आम्ही त्यांना खोटे सांगून आलो?"

त्यांना हे फार लागले. काट्यावर बी मोजताना पारडे गिऱ्हाइकाकडे झुकते ठेवणारा माणूस. मी पुतण्याची बाजू घेतली, त्याने मुद्दाम केले नव्हते. पण काकांचे म्हणणे मला आजही पटते: समोरच्याने आपल्या चित्रावर विश्वास ठेवला, म्हणजे त्यातल्या चुकीची जबाबदारी आपली.

दुसरा आलेख होता वर्तुळाचा, नऊ रंगांचा, तिरका आणि जाड, ताटात कलंडलेल्या केकसारखा. काजूच्या प्रती, म्हणजे दर्जे, दाखवायला केलेला. अशा तिरक्या वर्तुळात जो तुकडा आपल्याकडे असतो त्याची जाडीही दिसते, म्हणून तो असतो त्याहून मोठा भासतो. आणि सपाट केले तरी कोनांची तुलना डोळ्याला अवघड जाते. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली हे तपासून मांडले: एकाच पट्टीवरच्या दोन जागा माणूस सर्वांत अचूक ताडतो, लांबी आणि कोन त्यानंतर, आणि क्षेत्रफळात आणखी फसतो. हे वाचले तेव्हा मला आजीचा मापाचा शेर आठवला. दोन राशी डोळ्यांनी बघून ती कधी बोलत नसे, दोन्ही एकाच शेराने मोजी.

पण काजूच्या प्रती दाखवायला आलेख मुळात हवाच कशाला? काजूच्या धंद्यात डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा प्रती असतात. आकडा म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात तो. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि दरही चढा. बाहेरच्या माणसाला हे नेमके उलटे वाटते, ३२० म्हणजे १८० पेक्षा वरचे काहीतरी. पहिल्या बैठकीत याच जागी गोंधळ झाला असणार, अशी माझी खात्री आहे. मी कारखान्यात गेले, खिडकीच्या उजेडात काळ्या कापडावर तीन गर ओळीने ठेवले, शेजारी दहा रुपयांचे नाणे. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, आणि सगळ्यांच्या बोटांना ओळखीचा. फोनवर एक फोटो काढला. १८० चा गर सुमारे अडीच ग्रॅमचा, ३२० चा दीड ग्रॅमही भरत नाही. खाली तीन आकडे, बाकी काही नाही. फोटो घेताना एवढेच पाहिले की कॅमेरा अगदी डोक्यावरून, सरळ खाली बघत राहील. तिरका धरला असता तर पुढचा गर पुन्हा मोठा दिसला असता.

त्याच दिवशी दुसराही एक फोटो मी काढणार होते. काजूच्या टरफलात तेल असते, ते कातडी जाळते. बी फोडणाऱ्या बायका हाताला दुसरे तेल चोपडून बसतात, तरी वर्षानुवर्षांत बोटे काळी पडतात. एक वयस्क बाई पायाच्या यंत्रावर बी ठेवून असे अलगद फोडत होत्या की दर खेपेला अख्खा गर बाहेर पडे. त्यांची बोटे, दोन फाका झालेले टरफल आणि मधला पांढरा गर. माझ्या डोळ्यांपुढे अख्खी स्लाइड उभी राहिली. मी फोन वर केला.

"हात नको, बाय," त्या म्हणाल्या. "काजू दाखव."

मी कारण विचारले नाही. फोन खाली घेतला आणि त्यांच्याजवळ बसले. थोड्या वेळाने त्यांनीच फोडलेले टरफल माझ्यापुढे सरकवले, दोन फाका नीट जुळवून, याचा घे म्हणाल्या. तो फोटो मी घेतला. परिणाम साधायचा म्हणून दुसऱ्याच्या हातांचे, चेहऱ्याचे, घराचे चित्र लावायची आपल्याला फार घाई असते. ज्याच्या पगाराचा आकडा आपण विचारल्याशिवाय पडद्यावर टाकणार नाही, त्याच्या काळवंडलेल्या बोटांना तरी का विचारू नये? तेव्हापासून मी विचारते, आणि 'नको' म्हणणाऱ्यांनी मला बहुतेक वेळा काहीतरी दुसरे दाखवले आहे. अख्खा गर सुटलेले ते टरफल काकांच्या कामाबद्दल हातांपेक्षा जास्त सांगत होते.

एवढे सगळे एका कर्जाच्या बैठकीसाठी कशाला, असे काकींनी विचारले होते, आणि ते रास्त होते. मी त्यांना कल्पना चावलाची गोष्ट सांगितली. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान सुटले आणि ८२ सेकंदांनी टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना खाली अभियंत्यांनी धोका किती हे स्लाइडवर मांडले. त्यातली एक स्लाइड नंतर फार गाजली. तिचा मथळा वाचणाऱ्याला दिलासा देणारा होता. खाली मुद्दे, मुद्द्यांत उपमुद्दे, अक्षर लहान लहान होत गेलेले. आणि अगदी तळाशी एक ओळ: चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा, आणि आदळलेला अंदाजे १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. पूर्वीच्या चाचण्यांवरून धीर धरण्यात काही अर्थ नव्हता, हे त्या ओळीत होते. चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात या स्लाइडची दखल घेतली आणि महत्त्वाचे निर्णय असल्या स्लाइडवरून घेण्याच्या सवयीवर बोट ठेवले. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटले. सातही जण गेले.

एका स्लाइडमुळे ते झाले असे मी म्हणणार नाही. कारणे पुष्कळ होती. पण मी एकदा हिशेब करून पाहिला. ३ घन इंच म्हणजे दोन काड्यापेट्यांएवढी जागा. १,९२० घन इंच म्हणजे ३१ लिटरांच्या वर, दुकानात मिळणारे तेलाचे दोन मोठे डबे जवळजवळ भरतील इतकी. एका टेबलावर दोन काड्यापेट्या आणि दोन डबे ठेवून काढलेला एक फोटो. किंवा एकाच मापात काढलेले दोन चौकोनी ठोकळे. त्या खोलीत बसलेले कोणीतरी नक्की म्हणाले असते, थांबा, हे काय आहे? काकींनी मान हलवली आणि स्वयंपाकघरातून खरोखरच काड्यापेटी आणून डब्याशेजारी धरून पाहिली.

रंगांचे काम मी लवकर उरकते, कारण रंग मला थोडेच लागतात. आमच्याकडच्या जुन्या देवळांत आणि घरांत कावीची चित्रे आहेत. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असताना खरवडून खालचा पांढरा बाहेर काढायचा. दोनच रंग, आणि त्यात वेलबुट्टी, हत्ती, देवता सगळे. माझ्या आलेखात बहुतेक रेषा करड्या असतात आणि जिच्याविषयी बोलायचे ती एक काजूच्या पिकल्या बोंडूच्या रंगाची. तोटा लाल आणि नफा हिरवा असे मी करत नाही, त्याला घरचे कारण आहे. माझ्या मावसभावाला लहानपणी हिरव्या पानांतले लाल बोंडू दुरून दिसत नसत. पिवळे दिसायचे. तो आळशी आहे असे समजून आम्ही मुलांनी त्याला खूप बोलून घेतले; लाल-हिरव्यातला फरक त्याच्या डोळ्यांना कळत नाही हे फार उशिरा समजले. युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे बारांत एकाच्या आसपास असतात, आपल्याकडे प्रमाण कमी असले तरी असतात. दहा जणांच्या बैठकीत तो एक कर्जावर सही करणाराही असू शकतो.

देवनागरीचे मात्र थांबून सांगायला हवे. साखळी गावातल्या एका सभागृहात माझी मराठी स्लाइड पडद्यावर निव्वळ चिन्हांचा कचरा होऊन उघडली होती, कारण जुन्या पद्धतीचा फॉण्ट तिथल्या लॅपटॉपवर नव्हता, आणि समोर बसलेल्या बचतगटाच्या बायका मलाच धीर देत होत्या. तेव्हापासून युनिकोडशिवाय काही नाही, आणि सोबत पीडीएफ. दुसरे असे की आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार असतात. इंग्रजीला पुरते त्या मापात आपले अक्षर बसवले की मागच्या रांगेत 'पिक' आणि 'पीक' सारखे दिसते. ठळक केले तर जोडाक्षराची पोटे बुजतात. म्हणून अक्षर मोठे आणि ओळींमध्ये हवा. तेवढी जागा हवी म्हटल्यावर शब्द आपसूक कमी होतात.

आता तिसरा आलेख. पुतण्याने महिनावार जमा-खर्च काढला होता आणि तो हिशेबाला बरोबर होता, पण त्यात काहीच दिसत नव्हते. मी त्यावर दोन दिवस घालवले. शेवटी लक्षात आले ते अगदी साधे: त्याने वर्ष एप्रिलला सुरू केले होते, बँकेचे आर्थिक वर्ष धरून. पण बीची खरेदी मार्चमध्ये जोरात असते. एप्रिलला कापल्यामुळे खरेदीचा डोंगर अर्धा या टोकाला आणि अर्धा त्या टोकाला जाऊन पडला होता. मी वर्ष फेब्रुवारीला सुरू केले, जेव्हा पहिली बी येते. आणि दोन रेषा जाग्यावर आल्या. खर्चाची रेषा मार्च-एप्रिल-मेमध्ये उभी चढते आणि पावसाळ्यात खाली येऊन मजुरी-जळणापुरती सपाट होते. जमेची रेषा जुलैपर्यंत जमिनीलगत, मग गणेशचतुर्थीच्या तोंडावर उचलते, दिवाळीला आणखी, डिसेंबरात सगळ्यात वर. दोघींच्या मधे, मार्चपासून पावसाळ्यापर्यंत, एक मोठी पोकळी. ती मी बोंडूच्या रंगाने भरली. काका जे मागत होते ते एवढेच होते: या पोकळीपुरते पैसे.

विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली व्यापाराच्या आलेखांचे पुस्तक छापले. त्यात इंग्लंडचा डेन्मार्क-नॉर्वेशी झालेला व्यापार आहे, १७०० ते १७८० पर्यंतचा: आयातीची एक रेषा, निर्यातीची एक, आणि दोघींमधली जागा रंगवलेली, एके ठिकाणी रेषा एकमेकींना ओलांडतात आणि तुटीचा नफा होतो. आकड्यांचे असे चित्र काढता येते हे त्याच्या वाचकांना नवे होते. वाळपईच्या ओसरीवर मी जे काढून बसले होते ते त्याचेच, सव्वादोनशेहून जास्त वर्षांनंतर. मला या जुन्या माणसाबद्दल त्या दिवशी फार कृतज्ञता वाटली.

बैठक २०२४ च्या फेब्रुवारीत झाली. आमच्या स्लाइड आता सात होत्या. शेवटी मीच बोलेन असे ठरले होते आणि काका प्रश्नांना उत्तरे देतील. तीन गर आणि नाण्याचा फोटो आला तेव्हा एका बाईंनी पर्समधून दहाचे नाणे काढून हातात धरले. मग आलेख आला आणि मी खर्चाच्या रेषेपासून सुरुवात केली, पण मधेच मुख्य अधिकारी उठले. दक्षिणेकडून नव्याने बदली होऊन आलेले गृहस्थ. ते सरळ पडद्यापाशी गेले आणि त्यांनी ऑगस्टच्या शेवटावर बोट ठेवले.

"इथे जमा वर जाते असे तुम्ही दाखवता. पण तुमच्या खात्यात गेल्या वर्षी पैसे सप्टेंबर अर्धा झाल्यावर आले आहेत. कोणते खरे?"

मी आलेख २०२२ च्या हिशेबावर बेतला होता. माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. आणि तेवढ्यात काका उठलेले मला दिसले. सावकाश चालत ते त्या अधिकाऱ्याशेजारी जाऊन उभे राहिले. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांच्या हाताची सावली आलेखावर पडली.

"साहब, चतुर्थी," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले. "बाईस में चतुर्थी इधर," आणि ३१ ऑगस्टवर बोट. "तेईस में इधर," आणि १९ सप्टेंबर. "बीच में अधिक श्रावण आया. एक महिना ज्यादा."

मग त्यांनी सगळे सांगितले. तीनेक वर्षांनी एक अधिक महिना येतो, तो चतुर्थीच्या आधी पडला की चतुर्थी पुढे जाते, दुकानदार माल उशिरा उचलतो, पैसे उशिरा येतात, आणि मजुरी मात्र दर शनिवारी द्यावी लागते. म्हणून त्या वर्षी ही पोकळी इथवर येते. बोटाने त्यांनी ती पोकळी पडद्यावरच लांबवून दाखवली. अधिकाऱ्यांनी विचारले, पुन्हा कधी? काका म्हणाले, "छब्बीस में. जेठ अधिक." अधिकाऱ्यांनी टेबलावरचा छापील कागद ओढला, काकांच्या हातात पेन्सिल दिली आणि तिथे खूण करून मागितली. काकांनी ऑगस्टच्या पुढे एक उभी रेघ मारली आणि तिच्या डोक्यावर मराठीत लिहिले: अधिक. उरलेल्या स्लाइड कोणी मागितल्या नाहीत, मीही पुढे केल्या नाहीत.

कर्ज मागितले होते त्यापेक्षा थोडे कमी मिळाले, पण परतफेडीचा पहिला हप्ता चतुर्थीनंतरच्या महिन्यात धरला गेला. बी वेळेवर भरली.

आता तो आलेख मी दरवर्षी नव्याने काढते, चतुर्थीची रेघ वेगळी ठेवून. २०२६ च्या कामाला मी हात घालायच्या आत काकांचाच फोन आला. भिंतीवर नवे कालनिर्णय लागले होते आणि मागे काकी पाने उलटत असल्याचा आवाज येत होता.

"बाय, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. रेघ सरकवून घे."